मूसाला नाव मिळाले, बहिणीचे काय?

आल्बेर कामू यांची मूळ फ्रेंच कादंबरी 'द स्ट्रेंजर' १९४२ साली प्रसिद्ध झाली. अल्जिअर्सजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर, भर उन्हात, मर्सो नावाचा कारकून एका माणसावर पाच गोळ्या झाडतो. मेलेला कोण? तर एक 'अरब'. खटल्यात चर्चा होते ती मर्सो आईच्या दफनविधीला रडला नाही याचीच. मृताचे नाव वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही.

अल्जीरियाचे लेखक कामेल दाऊद यांनी २०१३ साली 'द मर्सो इन्व्हेस्टिगेशन' या कादंबरीत हीच घटना मृताच्या धाकट्या भावाच्या तोंडून सांगितली. भावाचे नाव हारून, मृताचे मूसा. ही नावे आपल्याला सहज उमगतात. हारूनची वाणी माझ्यापेक्षा स्पष्ट आहे, त्याला माझ्या मदतीला दे, अशी विनंती हजरत मूसा अल्लाहकडे करतात, हे कुरआनात आले आहे. इथला हारून मात्र ओरानच्या दारूच्या गुत्त्यात बसून बोलतो, इमामावर संतापतो. काहींना ते खटकेल. पण लेखकाला साधुपुरुष रंगवायचा नाही. आयुष्यभर भावाचे मरण वाहून थकलेला माणूस दाखवायचा आहे.

या कादंबरीचे मोठेपण नुसते नाव देण्यात नाही. १९६२च्या जुलैमध्ये, स्वातंत्र्य मिळताच, हारूनही एका फ्रेंच माणसाला ठार करतो. अधिकारी त्याला खून का केलास असे विचारत नाही. स्वातंत्र्याआधी का केला नाहीस, असे विचारतो. म्हणजे मर्सोची चूक न रडण्याची, हारूनची चूक तारखेची! मेलेल्या माणसाचा हिशेब दोन्हीकडे होतच नाही. पीडिताचा भाऊही मर्सोच होऊ शकतो, हे दाऊद निर्भीडपणे सांगतात.

तरी एक तक्रार उरते. कामूंच्या कथेत त्या अरबाची एक बहीण आहे. रेमों नावाचा माणूस तिला मारहाण करतो, आणि तिला फसवून बोलावण्याचे पत्र मर्सोच लिहून देतो. मर्सोला तिचे नाव सांगितले जाते. तो ते आपल्याला सांगत नाही. सगळ्या प्रकरणाची सुरुवात तिच्यापासून होते. दाऊद यांचा हारून मात्र म्हणतो, आम्हाला बहीण नव्हतीच! घराण्याची अब्रू राखण्यासाठी तिला कथेतूनच बाहेर काढले जाते. भावाला न्याय मागणाऱ्या कादंबरीत बहीण दुसऱ्यांदा पुसली जाते.

मराठी कथेत 'मुलाणी', 'बागवान' एवढ्याच ओळखीने येऊन जाणारी माणसे आपण वाचली आहेत. त्यांना नाव द्यायला आपण लेखणी हाती घेतली, ते योग्यच झाले. पण त्या माणसांच्या घरात आई होती, बहीण होती. त्यांची नावे आपण लिहिली का? मूसाची गोष्ट वाचून मिटताना हा प्रश्न कामूंना विचारावासा वाटत नाही. स्वतःलाच विचारावासा वाटतो.