खासबाग आणि रोमची गोष्ट: 'प्रेरणा' म्हणजे पुरावा का?

आमच्या गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलं की शेवटचं स्टेशन कोल्हापूर. अख्खं राज्य आडवं पार करून तिथलं खासबाग कुस्ती मैदान बघायला गेलो, तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले, रोमचं कलोसियम बघितलं, आणि १९१२ मध्ये कोल्हापुरात तसं मैदान झालं. खासबागवरचे लेख बहुधा इथून सुरू होतात. माझी तक्रार एवढीच, की ते इथेच संपतात पण.

गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण 'प्रेरणा' सांगितली की कारण सांगून झालं, असा आपला समज होतो. कलोसियम म्हणजे कमानींवर चढवलेले दगडी मजले. खासबागेत मध्ये हौदा आणि भोवती चढत गेलेला उतार. लोक त्या उतारावरच बसतात. मागच्यालाही पकड दिसली पाहिजे, ही गरज कुस्तीची. स्वतः जाऊन बसा एकदा.

दुसरी गफलत मोठी आहे. राजाच्या प्रवासापासून सुरुवात केली की पैलवान नुसते पाहुणे ठरतात. उद्घाटनाच्या कुस्तीत गामाचा धाकटा भाऊ इमामबक्ष उतरला होता. पंजाबचा पैलवान कोल्हापूरच्या हौद्यात कसा? दरबारी आश्रय, तालमी, खुराक, पैलवानांची ये-जा, हे सगळे प्रश्न इथून निघतात, रोममधून नाही. जोसेफ अल्टर यांचं 'द रेसलर्स बॉडी' (१९९२) बनारसच्या आखाड्यांवर आहे. पैलवानाचं दूध, माती, दिनक्रम यांनाच ते पुरावा मानतं. सिनॉप्सिस लिहायच्या आधी ते वाचाच.

आणि हा नुसता प्रकरणांच्या क्रमाचा वाद नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये खासबागेशेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे १९१५ चं पॅलेस थिएटर, आगीत जळालं. 'होतं तसं' उभारायचं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मग येतोच. उद्या खासबागेच्या दुरुस्तीची वेळ आली आणि हाताशी फक्त कलोसियमची गोष्ट असली, तर दगड जपले जातील. ताक, हळद, तेल घालून मळलेली लाल माती आणि मागच्या रांगेतून दिसणारा हौदा कुणाच्या यादीत नसेल.