मोसंबीचा ताण आणि धड्यातले एक उलटे वाक्य

पैठण तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही दहावीच्या वर्गात मागे बसलो होतो. विषय होता वनस्पतींमधील संप्रेरके. फळ्यावर चार ओळींचा तक्ता होता : ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, अ‍ॅबसिसिक आम्ल, आणि प्रत्येकासमोर त्याचे काम. शेवटच्या ओळीत लिहिले होते, 'वाढ रोखणे, पाने कोमेजणे'. एका मुलीने विचारले, "सर, आमचे आप्पा मोसंबीला ताण देतात, तेव्हा झाड हेच आम्ल कोमेजवतं का?" सर थोडे थांबले, मग म्हणाले, "हो, तसंच समज." मुलीने लिहून घेतले.

परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळतील. पण उत्तर चूक आहे, आणि चूक सरांची नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून मुलांनी वर्षानुवर्षे हेच वाचले, की कोमेजणे हा या आम्लाचा परिणाम. आमच्या पाहण्यातल्या मराठी प्रश्नसंचांतही तेच आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी. पाणी कमी पडू लागले की झाडात अ‍ॅबसिसिक आम्ल वाढते, त्यामुळे पानांवरची पर्णरंध्रे मिटतात आणि बाष्पोत्सर्जन घटते. झाड कोमेजू नये म्हणून चाललेली ही धडपड आहे. टोमॅटोचा 'फ्लाका' नावाचा एक उत्परिवर्तित प्रकार आहे. त्याला हे आम्ल पुरेसे बनवता येत नाही, आणि तो सतत कोमेजलेला असतो. १९७० साली संशोधकांनी त्याला बाहेरून हेच आम्ल दिले, तेव्हा तो बराचसा सावरला. आम्ल आणि कोमेजणे एकाच वेळी दिसतात, म्हणून एकाला दुसऱ्याचे कारण ठरवणे म्हणजे आगीच्या ठिकाणी नेहमी बंब दिसतो म्हणून आग बंबानेच लावली असे म्हणण्यासारखे आहे.

गोंधळाला नावही थोडे जबाबदार आहे. १९६३ साली अमेरिकेत अ‍ॅडिकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ वेगळा केला, तो कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून! ते बोंडगळीचा शोध घेत होते, म्हणून नावात 'गळणे' आले. पुढे कळले की पानगळीत मुख्य भाग इथिलीन वायूचा आहे. नाव मात्र राहिले. मराठवाड्यातल्या मुलांना ही कपाशीची हकीकत सांगण्यासारखी आहे, पण ती आम्हाला कोणत्याही धड्यात आढळली नाही.

आमचा खरा आक्षेप त्या एका वाक्यापेक्षा तक्त्यावर आहे. एका रसायनासमोर एक काम लिहिले की मुलांना वाटते, संप्रेरक म्हणजे हुकूम. शाळेची मधल्या सुट्टीची घंटा आठवा. मुले बाहेर धावतात, शिक्षक खडू ठेवतात, शिपाई पाण्याच्या टाकीकडे जातो. घंटा एकच, काय करायचे ते ऐकणाऱ्यावर ठरते. हेच आम्ल बीजात असले तर बीज रुजायचे थांबते, आणि रक्षक पेशीपाशी पोचले तर दार मिटते.

दार कसे मिटते ते जरा सावकाश पाहण्याजोगे आहे. रक्षक पेशीत दार मिटवण्याचे काम सुरू करणारे एक प्रथिन तयारच असते, पण दुसरे एक प्रथिन त्याला दाबून ठेवते. आम्ल पेशीतल्या ग्राही प्रथिनात जाऊन बसले की ग्राही त्या दाबणाऱ्याला पकडून ठेवतो. पहिले प्रथिन मोकळे होते, पेशीच्या पटलातले ऋणभारित आयनांचे मार्ग उघडते; पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडते, मग पाणी. पेशी सैल पडते आणि रंध्र मिटते. म्हणजे आम्लाने कोणाला काम सांगितलेच नाही, अडवणाऱ्याला तेवढे अडवले. हे ग्राही २००९ साली सापडले. पाणी मिळाले की आम्लाचे प्रमाण उतरते आणि दारे पुन्हा उघडतात. निरोप पोचण्याइतकेच तो वेळेवर पुसला जाणेही महत्त्वाचे असते, आणि याबद्दल तक्त्यात काहीच जागा नाही.

आता त्या मुलीच्या आप्पांकडे येऊ. छत्रपती संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांतला मोसंबीवाला आंबे बहारासाठी थंडीत पाणी तोडतो. पाने पिवळी पडून गळू लागली की ताण बसला असे समजतो. मग आंबवणीचे हलके पाणी, त्यानंतर चिंबवणी, आणि झाड फुलते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोड संत्र्यावर (मोसंबी त्याच जातीची) असे दिसले, की पाण्याच्या ताणात पानांतले फुलोऱ्याशी संबंधित एक जनुक अधिक काम करू लागते आणि पाणी दिल्यावर ते मंदावते. अशाच जनुकाचे प्रथिन इतर वनस्पतींत पानातून कळीपर्यंत प्रवास करते, हे २००७ च्या सुमारास स्पष्ट झाले होते. पान कळीला फुलायला सांगते आणि सांगण्याची वेळ मुळाशी असलेल्या पाण्यावर ठरते, असे हे प्रकरण आहे.

ताण तोडायला मात्र पाणी हवे. २०१२-१३ च्या दुष्काळात ते नव्हते, आणि या भागातल्या कितीतरी बागा वाळल्या. पर्णरंध्रे मिटून झाड काही दिवस काढते, पूर्ण उन्हाळा काढू शकत नाही. ज्या घरांनी हे पाहिले, त्या घरातल्या मुलाला 'आम्लामुळे पाने कोमेजतात' असे शिकवणे आम्हाला फार खटकते.

पानगळीचा एक बारकावा आमच्या सगळ्यात आवडीचा. १९९२ साली क्लिओपात्रा मँडरीनच्या रोपांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रोपांना ताण दिला तेव्हा इथिलीनचा पूर्वपदार्थ मुळांत साठत गेला. पाणी दिल्यावर तो पाण्याबरोबर वर चढला, पानांत त्याचे इथिलीन झाले, आणि पाने गळली ती पाणी दिल्यानंतर. मोसंबीच्या जुन्या बागेत असेच घडते का? हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या हिवाळ्यात मुलांना एकेक झाड नेमून द्या. ताण सुरू झाल्यापासून रोज सकाळी झाडाखालची नवी पाने मोजून बाजूला काढायची आणि आकडा वहीत लिहायचा, आंबवणीची तारीख ठळक करायची, आणि पुढे निदान दोन आठवडे मोजणे चालू ठेवायचे. ज्या बागेत ताण दिलेला नाही तिथल्या एका झाडाचीही नोंद ठेवावी, नाहीतर तुलनेला काही उरणार नाही.