पिंगुळीची चित्रकथी पोथी आणि तिचे संग्राहक

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळाजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील ठाकर या आदिवासी समाजांत चित्रें दाखवून कथा सांगण्याची चाल पिढ्यान् पिढ्या चालत आलेली असून, ज्या चित्रांवरून कथा सांगावयाची त्यांच्या संचास ते लोक पोथी म्हणतात. गेल्या पन्नास वर्षांत या चित्रांची कीर्ति पुष्कळ पसरली. संग्रहालयांनीं तीं मिळविलीं, परदेशी पंडितांनीं त्यांवर निबंध लिहिले, मणि कौल यांनीं १९७७ सालीं या कलेवर बोलपट काढला. मात्र या सर्व गाजावाजांत ‘पोथी’ हा शब्द बाजूस पडून ‘चित्र’ तेवढें उरलें. हा केवळ शब्दाचा फेर असता तर आम्ही त्यासाठीं लेखणी उचलली नसती. वस्तूचें नांव बदललें म्हणजे तिची राखण करण्याची रीतही बदलते, आणि येथें नेमकें तेंच झालें आहे.

प्रथम वस्तु पाहूं. पान सुमारें फूटभर उंच व त्याहून कांहींसें रुंद. दोन चित्रित कागद पाठीस पाठ लावून चिकटविलेले, म्हणजे पानाच्या दोन्ही बाजूंस प्रसंग. अशीं तीस-चाळीस पानें मिळून एका आख्यानाची पोथी होते व ती फडक्यांत बांधून ठेवितात. पानें शिवलेलीं नसतात, कारण कथेकरी एकेक पान पुढें उभें धरून त्यावरील प्रसंग गात व बोलत सांगतो आणि मग तें बाजूस ठेवितो. साथीस वीणा, टाळ व हुडूक. सांगण्याचा मजकूर कागदावर नाहीं, तो घराण्याच्या मुखीं आहे. हस्तलिखितांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस आम्ही इतकेंच सांगूं, कीं ही अर्धी पोथी आहे. उरलेली अर्धी माणसांत आहे.

हें ध्यानांत न घेतां या चित्रांचें गुणदोषविवेचन करूं गेल्यास तें फसतें. सामान्य आक्षेप असा कीं, आकृति त्याच त्या येतात. सर्व मुखें एका बाजूनें काढलेलीं, डोळे विशाल, रेषा जाड, रथ एकसारखे, दोन वीर समोरासमोर धनुष्यें ताणून उभे, आणि मागें देखाव्याचा मागमूस नाहीं. ही टीका भिंतीवर टांगलेल्या एका पानास लागू पडेल. पण पान टांगण्यासाठीं केलेलेंच नाहीं. रात्रीं, देवळांत, समईच्या उजेडांत, दहा हातांवर बसलेल्या श्रोत्यास राम कोणता व रावण कोणता हें क्षणांत ओळखतां आलें पाहिजे. म्हणून रेषा जाड आणि म्हणूनच पार्श्वभूमि रिती. आकृतींचें पुनरावर्तन हें ओवींतील ध्रुवपदासारखें आहे, ऐकणारास त्याचा कंटाळा येत नाहीं. युद्धाच्या पानांत बाण सुटलेला असतो व लागलेला नसतो; मधला अवकाश कथेकऱ्याचा असतो आणि त्यास वाटेल तितका वेळ तो बाण हवेंत ठेवतां येतो. चित्रकारानें सर्व कांहीं सांगून टाकलें असतें तर कथेकऱ्यास काम उरलें नसतें. पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्यांचा व कळसूत्री बाहुल्यांचाही खेळ करितात. त्या बाहुल्यांच्या शेजारीं हीं पानें ठेवून पाहिलीं म्हणजे या आकृतींचें कूळ कोठलें याविषयीं फारसा संशय राहत नाहीं. कांहीं पानें मात्र खरोखरच सामान्य आहेत, व जुनें म्हणून सर्वांस सुंदर म्हणणें आम्हांस मान्य नाहीं.

या विषयावरील लेखनांत नांवांचाही घोटाळा आहे. याच जातीच्या चित्रांस ‘पैठण शैली’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतील चित्रें त्याच नांवानें ओळखलीं जातात, आणि दालापिकोलाबाईंनीं १९८० सालीं जर्मन भाषेंत जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या मथळ्यांतही पैठणच आहे. त्यांत शैली व मूर्तिविचार यांचें विवेचन आहे. १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्टाखे-रोझेनबाईंच्या लेखानें मथळ्यांतच पिंगुळी व कथाकथन यांस स्थान दिलें. आमच्या मतें योग्य वाट ती होती. इकडील लेखक मात्र बाराव्या शतकांतील मानसोल्लासांत चित्रकथकांचा उल्लेख दाखवून पिंगुळीचा धागा थेट चालुक्यांपर्यंत नेतात, तर दुसरे ठाकरांना शिवछत्रपतींचे हेर ठरवितात. हेरांची गोष्ट सांगणारे आधाराचा कागद पुढें करीत नाहींत. आणि एका ग्रंथांत शब्द सांपडला म्हणून सातशें-आठशें वर्षांची अखंड परंपरा सिद्ध होत नाहीं. या कलेस अशा उसन्या वंशावळीची गरजही नाहीं. सावंतवाडीकर भोसल्यांचा आश्रय आणि नवरात्रांत देवळांतून कथा सांगण्याचा मान एवढें तिचें चरित्र पुरेसें भरीव आहे.

आतां संग्राहकांकडे वळूं, कारण या त्रैमासिकाचे वाचक बहुतेक तेच आहेत. पोथी मोडून पानें सुटीं विकलीं म्हणजे काय होतें ? दोन वीर समोरासमोर उभे आहेत असें एक पान घ्या. तो इंद्रजित व लक्ष्मण यांचा संग्राम असेल, किंवा बभ्रुवाहन व अर्जुन यांचा. मागचें-पुढचें पान हातीं असेल तर प्रश्न क्षणांत सुटतो. नसेल तर चिठ्ठीवर जें लिहिलें जाईल तो तर्क, आणि पुढील यादींत तोच तर्क प्रमाण होऊन बसतो. बखरीचें एकच पान फाडून आणणाऱ्यास आपल्यांतील कोणीही संशोधक म्हणणार नाहीं. चित्राच्या बाबतींत मात्र तेंच कृत्य रसिकतेंत मोडतें !

कलावंतांस साहाय्य देण्याच्या ज्या रीति चालू आहेत त्यांतही हाच दोष शिरला आहे. परशुराम विश्राम गंगावणे यांनीं २००६ सालीं पिंगुळीस आपल्या गोठ्यांत ठाकर आदिवासी कला आंगण उभें केलें आणि तेथें चित्रें व बाहुल्या एकत्र ठेविल्या. २०२१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. हा गौरव आम्हांस यथार्थ वाटतो, कारण त्यांनीं खेळ, कथन व चित्र यांची फारकत केली नाहीं. बाजारांत मात्र मागणी आहे ती चौकटींत बसणाऱ्या एकट्या गणपतीस. अशा विक्रीनें घरांत चार पैसे येतात, तिला नांवें ठेवण्याचा अधिकार पोट भरलेल्या टीकाकारास नाहीं. परंतु तिनें कुंचला जगतो, कथा जगत नाहीं. ज्या मुलास तीस पानांचें आख्यान कोणी सांगावयास बोलावीत नाहीं, तो तें पाठ कशास करील? आश्रय द्यावयाचा तर एका पानाऐवजीं एक आख्यान, संपूर्ण पोथी व तिच्या एका रात्रीच्या कथनासह, विकत घ्यावें.

आणखी एक ऋण आपल्या दप्तरांत पडून आहे. ठाकर जमातीची अनुसूचित म्हणून गणना पूर्वी कांहीं जिल्हे-तालुक्यांपुरती होती. ती क्षेत्रमर्यादा १९७६ च्या कायद्यानें उठली, तरी दाखल्यांच्या पडताळणीचे तंटे थांबले नाहींत. २०२३ च्या मार्चमध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठाकूर जमातीच्याच प्रकरणांत निर्णय दिला कीं, चालीरीतींच्या साधर्म्याची कसोटी एकमेव निर्णायक नव्हे, आणि संविधानापूर्वीच्या कागदांस अधिक वजन आहे. देवळाच्या मानाची यादी किंवा संस्थानी हिशेबाचें एखादें चिटोरें, ज्यांत कथेकऱ्याचें नांव जातीसह आलें आहे, तें आपणांस किरकोळ वाटेल. त्या घराण्यास तें लाखमोलाचें होय. असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते प्रसिद्ध करावेत, निदान नकला तरी द्याव्यात.

सुटीं पानें ज्यांजवळ आहेत त्यांनीं त्यांचीं छायाचित्रें पिंगुळीस नेऊन जाणत्या कथेकऱ्याकडून क्रम लावून घ्यावा, आणि शास्त्र्यास पोथी लावून दिल्याबद्दल जशी दक्षिणा देतों तसें त्यास मानधन द्यावें. त्यानें सांगितलेली कथा ध्वनिमुद्रित करून तिची प्रत त्याच्याच घरीं ठेवावी. पान पुठ्ठ्यावर चिकटवूं नये, व पाठीवर शाईनें क्रमांकही घालूं नये. ज्या बाजूस आपण पाठ समजतों तिच्यावर पुढील प्रसंग असतो.