नानांच्या शेजारचा मुलगा

मोखाड्याच्या शाळेत इतिहास शिकविताना नाना फडणविसांचे एकच चित्र माझ्या हाताशी असे: कृश, लांबट चेहरा आणि समोरच्याला जोखणारी नजर. साडेतीन शहाण्यांतले अर्धे शहाणे ते हेच, असे मी मुलांना सांगत असे. मुले हसत, आणि तास संपे.

पुढे एका पुस्तकात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९२ साली रंगविलेले तैलचित्र पाहण्यात आले. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात नाना एकटे नाहीत. रत्नामोत्यांनी मढलेले सवाई माधवराव पेशवे बसले आहेत, जवळ नाना, मागे सेवक. मी ती प्रत वर्गात नेली आणि विचारले, "यांतला राजा कोण?" मागच्या बाकावरच्या मुलाने नानांकडे बोट दाखविले. मी त्याची चूक सुधारली खरी. पण घरी येताना वाटले, चित्र त्यालाच नीट वाचता आले.

वेल्सची खरी कामगिरी हीच. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने तो दरबारात वावरला. मानाची जागा त्याने पेशव्याला दिली, दागिनेही त्यालाच दिले; मात्र आपली नजर पुन्हापुन्हा वळते ती नानांकडे. नाना तेव्हा अवघे पन्नाशीचे, पण अंगावर जणू सत्तरीचे ओझे. हे वार्धक्य वयाचे नव्हे, जागरणाचे आहे. ते कळते शेजारच्या अठरा वर्षांच्या मुलामुळे. एकटे नाना धूर्त दिसतात; मुलाशेजारी बसलेले नाना काळजीवाहू दिसतात. आणि किंचित भीतीदायकही!

आमच्या भागातील वारली चित्रांत माणसाला नाकडोळे नसतात. कोण काय करतो आणि कोणाजवळ उभा आहे, यावरून माणूस ओळखायचा. वेल्सने चेहरा हुबेहूब काढला हे मान्य; तरी मला त्याचे चित्र उलगडले ते या वारली रीतीने पाहिल्यावर.

चित्रानंतर तीनच वर्षांनी, १७९५ च्या ऑक्टोबरात, माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. ती उडी होती की अपघात, हा वाद अद्याप मिटलेला नाही. त्याच वर्षी वेल्सही वारला. नाना मात्र १८०० पर्यंत जगले. ज्याला जपले तो गेला, जपणारा उरला.

या चित्रात एक उणीव मला जाणवते. पेशव्याच्या मनात काय चालले होते, याचा मागमूस वेल्सच्या कुंचल्याला लागलेला नाही. दागिन्यांमागे मुलगा झाकला गेला आहे. पण हा दोष देताना जीभ अडखळते. माझ्याच वर्गात एक हुशार मुलगा माझ्या कडक शिस्तीत हळूहळू बोलेनासा झाला होता. त्याच्या वह्या मी रोज तपाशीत होतो. त्याचा चेहरा पाहायचा राहून गेला.

हल्ली नानांचे ते एकटे चित्र मी वर्गात नेत नाही. नेतो ते दोघांचे. आणि मुलांना आधी धाकट्याकडे पाहायला सांगतो.