संकेत, संख्या आणि सत्ता : ‘मिस्ट’ व ‘रिव्हन’ ह्यांचा तौलनिक विचार

यशस्वी कृतीचा उत्तरभाग रचणाऱ्या कर्त्यापुढे दोन मार्ग असतात. पहिल्या कृतीत जे साधले तेच अधिक विस्ताराने पुन्हा द्यावयाचे, हा एक. पहिल्या कृतीने जो प्रश्न नकळत उपस्थित केला त्याचे उत्तर शोधावयाचे, हा दुसरा. संगणकावरील कूटप्रधान साहसखेळांत ह्या दुसऱ्या मार्गाचे ठळक उदाहरण म्हणून ‘रिव्हन’ ह्या खेळाकडे पाहता येईल. अमेरिकेतील स्पोकेननजीकच्या ‘सायन’ ह्या संस्थेने रँड आणि रॉबिन मिलर ह्या बंधूंच्या नेतृत्वाखाली १९९३ साली ‘मिस्ट’ निर्माण केला. त्याचा उत्तरभाग ‘रिव्हन’ १९९७ साली आला. त्याच्या रचनेत रॉबिन मिलर ह्यांच्यासह रिचर्ड व्हँडर वेंडे ह्यांचा प्रमुख वाटा होता. दोन्ही खेळांत शब्द थोडे आणि खुणा फार. म्हणूनच भाषाभ्यासकाने त्यांची दखल घेणे अप्रस्तुत ठरू नये. १९९७च्या ‘रिव्हन’चे नवे रूप त्याच संस्थेने २०२४ साली सिद्ध केले आहे. प्रस्तुत विवेचन मात्र मूळ पाठास धरून आहे.

प्रथम ‘मिस्ट’चा विचार करू. एका ग्रंथाच्या द्वारे अनामिक आगंतुक एका निर्जन बेटावर येऊन पोचतो. तेथून चार निरनिराळ्या जगांत जाता येते. दोन ग्रंथांत बंदिस्त झालेले दोघे भाऊ त्याच्याकडे आपापली हरवलेली पाने मागतात. विश्वास कोणावर ठेवावा, हा कथेचा पेच आहे. तथापि खेळणाऱ्याचा बहुतेक काळ जातो तो कुलुपे उघडण्यात. मनोऱ्यावर ‘५९ व्होल्ट’ ही खूण सापडते. तेवढा विद्युत्‌दाब अग्निबाणास पुरविला आणि ग्रंथालयातील वहीत दिलेले पाच स्वर वाजविले की मार्ग मोकळा होतो. परंतु मार्ग मोकळा होताच ५९ ह्या संख्येचा अर्थही संपतो. ही खूण एकाच कुलुपाची किल्ली आहे. इतर खुणांशी तिचे नाते नाही. सोस्यूरची परिभाषा वापरावयाची तर येथे चिन्हे आहेत, पण व्यवस्था नाही.

ह्याला एक लक्षणीय अपवाद आहे. यंत्रांच्या जगात चार दिशांना चार ध्वनी जोडलेले आहेत. दुसऱ्या एका जगातील भुयारी वाहनास वळणे सांगणारे ध्वनी तेच आहेत. येथे प्रथमच एका ठिकाणी शिकलेले चिन्ह दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडते. ‘रिव्हन’चे बीज मला ह्या अपवादात दिसते.

‘रिव्हन’च्या आरंभी खेळणारा पिंजऱ्यात अडकतो आणि एक पहारेकरी त्याच्याशी अपरिचित भाषेत बोलू लागतो. त्या बोलण्याचे भाषांतर दिले जात नाही. दुभाष्याविना परक्या वस्तीत उतरलेल्या क्षेत्रीय अभ्यासकाची जी अवस्था होते तीच येथे होते. पुढे गावातील शाळेत एक खेळणे सापडते. कळ फिरविली की एक अंकचिन्ह दिसते, आणि तितकी घरे दोरास टांगलेली बाहुली खाली, समुद्रप्राण्याच्या जबड्याकडे सरकते. घरे मोजीत राहिले की अंक कळू लागतात. खेळण्यातून अंक मिळतात ते फक्त १० पर्यंत. पुढचे खेळणाऱ्याने स्वतः सिद्ध करावयाचे असतात. १ ते ४ ह्यांची चिन्हे एका चौकटीत बसविलेली आहेत. तीच काटकोनात फिरविली की अनुक्रमे ५, १०, १५ आणि २० होतात. दोन चिन्हे एकावर एक ठेवली की त्यांची बेरीज होते. उदाहरणार्थ, ५ वर २ ठेवल्यास ७. पाया २५ चा आहे. अंकचिन्हे आणि संख्यावाचक शब्द ह्यांतील भेद ध्यानात ठेवूनही सांगावेसे वाटते की, ‘सत्तेचाळीस’ किंवा ‘एकोणपन्नास’ पाठ करणाऱ्या मराठी मुलास असा सरळ नियम लाभत नाही. मोजक्या चिन्हांपासून न ऐकलेली, न पाहिलेली रूपे घडविता येणे हे भाषेचे लक्षण आहे. ‘मिस्ट’मध्ये उत्तर सापडते, ‘रिव्हन’मध्ये नियम सापडतो.

पण हे अंक कोणाचे? रिव्हनवासी जनतेचे ते नव्हेत. स्वतःस देव म्हणवून घेणाऱ्या गेन नामक सत्ताधीशाने आपल्या डुनी संस्कृतीचे अंक त्यांच्या शाळेत आणले आहेत. शिकवणीचे खेळणे हे देहदंडाचे चित्र आहे, कारण गावातील खराखुरा वधस्तंभ तशाच प्राण्याच्या पाण्यावर उभा आहे. पाटी आणि फास येथे एकाच यंत्रात आहेत. खेळणाराही त्याच बाकावर बसून, त्याच भयातून मोजावयास शिकतो. विशेष हे की, गेनविरुद्ध उठलेला मोइटी हा गुप्त गट आपला मार्ग लपविताना हेच अंक वापरतो. रानात ठेवलेले लाकडी डोळे फिरविले की एका बाजूस अंक दिसतो आणि एखाद्या प्राण्याचा आवाज उमटतो. २५ शिळांच्या वर्तुळातील पाच प्राणी त्या अंकांच्या क्रमाने दाबावे लागतात. राज्यकर्त्याची विद्या बंडखोरांच्या हाती जाते, तेव्हा तिचा अर्थ पालटतो. हा आशय एकाही संवादाने सांगितलेला नाही. कोडे सोडविता सोडविता तो आपणांस उमगतो. उत्तरभागाचे खरे यश मी येथे मानतो.

तरीही दोन न्यूने नोंदविली पाहिजेत. व्यवस्था जितकी घट्ट, तितका एका दुव्याचा अभाव महाग पडतो. घुमटांची कूटे सोडविण्यास बेटांचे नकाशे, रंग आणि अंक हे तिन्ही हाती असावे लागतात. एक निसटला की खेळणारा बेटाबेटांतून हिंडत राहतो. ‘मिस्ट’ची सुटी सुटी कोडी ह्या बाबतीत अधिक क्षमाशील आहेत. दुसरे न्यून अधिक गंभीर आहे. रिव्हनच्या लोकांची बोली अखेरपर्यंत उलगडत नाही. गावकरी आपणांस पाहून दूर पळतात, आणि त्यांचा एकही शब्द समजल्यावाचून खेळ पूर्ण होतो. आपण सत्ताधीशाचे अंक शिकतो, त्याची वही वाचतो, अखेर त्यालाच ग्रंथात बंदिस्त करतो. मात्र ज्यांच्यासाठी हे केले त्यांच्याशी आपले संभाषण होत नाही. परकीयाच्या मर्यादेचे हे प्रामाणिक चित्र आहे, असे समर्थन करता येईल. ते मला अपुरे वाटते. कारण अंकांच्या बाबतीत ह्याच कर्त्यांनी ती मर्यादा ओलांडून दाखविली होती.

तात्पर्य, ‘मिस्ट’ने खेळणाऱ्यास खूण ओळखावयास शिकविले, ‘रिव्हन’ने खुणेमागची व्यवस्था आणि व्यवस्थेमागची सत्ता ओळखावयास शिकविले. त्या सत्तेखाली बोलणाऱ्या माणसाचे म्हणणे समजून घेणे ही तिसरी पायरी होती. तेथवर ‘रिव्हन’ पोचत नाही. परंतु ती पायरी आहे, ह्याची जाणीव ‘मिस्ट’ने करून दिली नव्हती, ती ह्या उत्तरभागामुळेच होते.