दगडानं गिळलेला शब्द

एका दगडाबद्दल लिहितोय. दगड बर्लिनचा आहे, पण भांडण आपल्या ओळखीचं आहे.

लुस्टगार्टन नावाच्या चौकात हा ठोकळा उभा आहे. युर्गेन राउए या शिल्पकाराचा, पूर्व जर्मनीच्या राजवटीतला, १९८१ सालचा. मी तो फोटोतच पाहिलाय. वळलेली मूठ नाही, तुटलेल्या बेड्या नाहीत. बरंच झालं, असले पुतळे पाहून डोळे विटलेत.

१९४२च्या मे महिन्यात गोबेल्सच्या खात्यानं याच चौकात ‘सोव्हिएत नंदनवन’ नावाचं प्रदर्शन मांडलं होतं. रशियन माणूस म्हणजे घाणीतलं जनावर, हे लोकांच्या डोक्यात भरवायला. १८ मेला हर्बर्ट बाउमच्या गटातल्या पोरापोरींनी त्याला आग लावली. फार काही जळलं नाही. पण चारच दिवसांत बाउम पकडला गेला आणि ११ जूनला कोठडीत मेला. आत्महत्या, म्हणाले. हेच म्हणतात नेहमी! त्याची बायको मारिआने आणि इतर काही जणांची १८ ऑगस्टला प्लोट्झेन्झे तुरुंगात मुंडकी उडवली. मार्च १९४३मध्ये आणखी काहींची. त्यात हिल्डा लोव्ही होती. वय वीस, हात एकच.

आणि सूड म्हणून बर्लिनमधले ५०० ज्यू पुरुष धरले. त्यातल्या निम्म्यांना लगेच गोळ्या घातल्या.

आता दगडावर काय कोरलं होतं? तरुण कम्युनिस्ट बाउमच्या नेतृत्वाखालचा फॅसिस्टविरोधी गट, त्यांचं धैर्य, आणि सोव्हिएत युनियनशी कायमची मैत्री. झालं. आगीबद्दल अवाक्षर नाही. ज्यू हा शब्दच नाही.

ते कम्युनिस्ट होते, हे खरंच. पण बाउम आणि मारिआने सीमेन्सच्या कारखान्यात सक्तीनं राबत होते ते ज्यूंसाठी वेगळ्या काढलेल्या खात्यात. नुसते कामगार असते तर वेगळं खातं कशाला? आपल्या मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला मज्जाव होता, तुटलेला धागा तोंडाला लागून बाटतो म्हणून. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढे हाच सवाल टाकला होता. वर्ग म्हणायचं आणि जात गिळायची, ही खोड एका देशाची नाही.

पूर्व जर्मनी १९९०ला संपला. २००१मध्ये दगडावर पारदर्शक पाट्या बसवल्या. त्यावर आगीची हकिकत आली, ३४ नावं आली. कुणी म्हणेल, दगडच उखडायचा होता. मला नाही तसं वाटत. मूळ अक्षरं पाटीमागून अजून दिसतात. कुणी काय लपवलं ते दिसतं आणि लपवलेलंही दिसतं. राउएच्या ठोकळ्यापेक्षा मला ही पाटीच जास्त भिडली.

एक मात्र खुपतं. नावं यायला वीस वर्षं लागली. ती कोरायला १९८१ सालीही जागा होती. ठोकळ्याला बाजू काय कमी होत्या?