चौकोनी गोंदिया

परमेश्वराची बदली जागा चालवून बघावी, ही माणसाची जुनी हौस. १९९४ साली ख्रिस सॉयर नावाच्या गृहस्थांनी 'ट्रान्सपोर्ट टायकून' हा संगणकावरचा खेळ काढला आणि कुणालाही लुंगीवर बसून रेल्वेमंत्री होण्याची सोय झाली. त्याचाच पुढचा अवतार 'ओपनटीटीडी' फुकट मिळतो. आमच्या चिरंजीवांनी त्यात गोंदिया जिल्ह्याचा नकाशा रचला आहे. लोक कवितासंग्रहांचे परीक्षण करतात, मी या नकाशाचे करतो.

आधी गुण. आठही तालुके जागच्या जागी आहेत. वैनगंगा आहे, बाघ नदी आहे, दरेकशाचे डोंगर आहेत. राष्ट्रीय महामार्ग गोंदिया शहराला न विचारता कोहमारा-देवरीवरून परस्पर रायपूरला जातो, तोही तसाच. शिवाय या खेळात गाड्या येऊ लागल्या की गाव वाढते. गोंदियाची तर कुंडलीच ती! बंगाल नागपूर रेल्वेचे फाटे फुटले आणि गाव जंक्शन झाले. पुण्यातल्या कित्येकांना गोंदिया ठाऊक आहे तो महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या पाटीपुरताच.

आता दोष. पहिला रुळांचा. या गावाने मीटरगेज पाहिला, ब्रॉडगेज पाहिला, बालाघाट आणि नागभीडकडे जाणारा अडीच फुटी नॅरोगेजही पाहिला. नकाशात सगळे रूळ एकाच मापाचे! गाडी बदलताना ट्रंक डोक्यावर घेऊन धावलेल्या पिढीचा हा अपमान आहे.

दुसरा दोष प्रवाशांचा. मूळ खेळात प्रवाशाला जायचे ठिकाणच नसते. अंतर आणि वेळ यांवर भाडे मिळते, उतरवा कुठेही. आमगावच्या माणसाला तिरोड्याला सोडले तरी तो हूं की चूं करत नाही. असा प्रवासी मी तरी विदर्भात पाहिलेला नाही.

तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे वीज केंद्र आहे. खेळात तिथे कोळशाचे वाघिणीमागून वाघिणी ओता, पैसे मिळतात. वीज कुठे जाते, राख कुठे पडते, हे कोणी पुसत नाही. वाणिज्य शाखेत आम्हाला जमाखर्चाच्या दोन बाजू शिकवल्या होत्या. इथे एकच आहे.

झाडे तोडली की गावची नगरपालिका रुसते आणि स्टेशनला जागा देत नाही. मग चार झाडे लावायची, नाहीतर लाच द्यायची. या कलमाच्या वास्तवतेबद्दल माझी तक्रार नाही. पण झाडांत वाघ नाही, ही आहे. गोंदिया-बल्लारशा मार्गावर चंद्रपूरजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडले. तिथे 'गाडी सावकाश हाका' म्हणजे उत्पन्न बुडणे, म्हणून खेळाडू कधीच सावकाश हाकणार नाही. सौंदड, अर्जुनीची पॅसेंजर तोट्यात गेली, तेव्हा चिरंजीवांनी ती एका बोटाने उखडली. नफातोटा पत्रक मलाही कळते हो. पण गोंदियाच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी त्या पत्रकात कुठल्या रकान्यात लिहायची?

तेव्हा माझी सूचना एवढीच, की ती पॅसेंजर परत घालावी आणि जंगलात वेग कमी ठेवावा.

"पण बाबा, मग खेळ जिंकताच येणार नाही!"

म्हटले, मग नकाशा बरोबर जमला असे समज.